झोंबतंय का?

गल्लीतल्या सलूनमध्ये नंबर यायची वाट पाहत बसलो होतो. आरशाखाली केसांच्या रंगाची फोडलेली पुडी पडली होती. वर्तमानपत्र दुसऱ्या कुणाच्या हातात असल्याने मी चष्मा लावून ती पुडीच वाचायला घेतली. आधी इंग्रजी, मग हिंदी आणि अगदी तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत मराठी. आशय असा, की आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून चोवीस तास वाट पाहा आणि पापण्यांना, भुवयांना तर लावूच नका, अंधत्व येऊ शकते. सलूनवाल्याला विचारले, "कानामागे लावून बघतोस का रे कुणाच्या?" वाटीत ब्रश फिरवत तो म्हणाला, "काका, चोवीस तास कोण थांबतंय? लोकांची लग्नं संध्याकाळी असतात."

त्याचे खरेच होते. पण माझे लक्ष दुसऱ्याच शब्दावर अडकले होते. डोक्याला लावायच्या रंगाच्या पुडीवर पापण्या आल्या कुठून?

त्या आल्या अमेरिकेतून. 1933 च्या सुमारास तिथे लॅश ल्यूअर नावाचा पापण्या काळ्या करायचा रंग मिळत असे. त्यातला पॅराफेनिलिनडायअमिन, म्हणजे पीपीडी, आजही केसांच्या बहुतेक काळ्या रंगांत असतो आणि 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीतही सापडतो. तो रंग लावून काही बायकांचे डोळे सुजले, पिकले, काहींची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला. सरकारला हात बांधून बसावे लागले, कारण 1906 च्या कायद्यात अन्न होते, औषध होते, सौंदर्यप्रसाधन नव्हतेच. पुढे 1938 साली नवा कायदा झाला. त्यातही केसांच्या रंगांना सूट मिळाली, मात्र एका अटीवर: वेष्टनावर इशारा छापायचा, आधी थोडे लावून बघायला सांगायचे आणि पापण्यांना लावू नका म्हणायचे. आपल्याकडच्या नियमांत तोच इशारा जवळपास जसाच्या तसा आला, वर स्थानिक भाषेत छापायची अटही आली. नव्वदेक वर्षांपूर्वी कुणा परक्या बाईच्या पापण्यांवर जे घडले, ते आमच्या गल्लीत पाच-दहा रुपयांच्या पुडीवर मराठीत छापून येते, आणि वाचत कुणी नाही.

पुडीवरचा इशारा हा खरे तर हात झटकण्याचाच प्रकार. लावून बघ, झोंबले तर तुझे तू बघ. मग बाजारात यायच्या आधीच कळावे कसे? या प्रश्नाचे उत्तर 1944 मध्ये जॉन ड्रेझ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात बसून दिले. पुढची काही दशके जगभर तेच चालले. पांढरा ससा घ्यायचा, त्याची खालची पापणी जराशी ओढून त्या खळगीत 0.1 मिलिलिटर पदार्थ सोडायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. तासाने बघायचे, मग 24, 48 आणि 72 तासांनी. डोळा निवळला नसेल तर 21 दिवसांपर्यंत. कातडीची तऱ्हा वेगळी. तिथे केस भादरून अर्धा मिलिलिटर पदार्थ पट्टीखाली ठेवायचा, मग लालीला 0 ते 4 आणि सुजेला 0 ते 4 गुण द्यायचे.

डोळ्याची गुणपत्रिका मी एकदा बारकाईने पाहिली. एकूण गुण 110. त्यातले 80 कॉर्नियाचे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचे: तो किती गढूळला गुणिले किती भाग गढूळला गुणिले पाच. बुबुळाला फक्त 10. पापणीच्या आतल्या अस्तराला 20, त्यात लाली, सूज आणि डोळ्यातून येणारे पाणी, यांची बेरीज गुणिले दोन. गुणिले पाच का आणि गुणिले दोन का, याचे कारण सरळ आहे. कॉर्निया गढूळला तर दिसेनासे होते, अस्तर लाल झाले तर चार दिवसांत उतरते. तेव्हा त्या गुणाकारात शहाणपण आहे. पण दोन गुणांची लाली आणि तीन गुणांची लाली यांतली रेघ शेवटी बघणाऱ्याच्या नजरेतच असते, आणि बघणारा सकाळी वेगळा असतो, दुपारी जेवून आल्यावर वेगळा.

शिवाय त्या पत्रिकेत जे दिसते तेवढेच आहे. आपल्या भाषेकडे पाहावे. तिखटाचा हात डोळ्याला लागला की झोंबते. कांद्याने चुरचुरते. अळू खाजरे निघाले तर घसा खवखवतो. पानाला चुना जास्त झाला की तोंड पोळते. लोकरीचा स्वेटर टोचतो, घामोळे चुणचुणते, उन्हातून आल्यावर डोळ्यांची आग होते. दिवाळीच्या पहाटे आईने डोक्यावर शिकेकाई ओतली की डोळ्यात जे काही व्हायचे त्याला आम्ही सरळ भोकाड म्हणत असू. (शिकेकाई 'नैसर्गिक' असल्याचा डोळ्याला काडीचाही फायदा झाला नाही. बिब्बाही नैसर्गिकच, पण तो उतला की महिनाभर आठवण राहते.) एवढे सगळे शब्द असलेल्या अनुभवाची साक्ष आपण अशा प्राण्याकडे मागितली, ज्याच्याजवळ त्यांतला एकही नाही. सशाचे डोळे माणसापेक्षा कमी पाणावतात, तो पापणीही फारच कमी लववतो, त्याला तिसरी पापणी असते जी आपल्याला नाही, आणि त्याचा कॉर्निया आपल्यापेक्षा पातळ. म्हणजे साक्षीदार मुका, वर त्याची घडणही वेगळी.

यातले बरेच जाणकारांना माहीत होते. 1971 मध्ये वेल आणि स्काला या दोघा संशोधकांनी तेच पदार्थ वीसहून अधिक प्रयोगशाळांकडे पाठवले. एका ठिकाणी जो पदार्थ निरुपद्रवी ठरला, तोच दुसरीकडे जहाल ठरला. 2016 साली युरोपातल्या जुन्या नोंदी उकरून काढल्या, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झाले: काहीच न करणारे पदार्थ पुन्हा तपासले तर 94 टक्के वेळा तोच निकाल यायचा, डोळा कायमचा बिघडवणारे 73 टक्के वेळा. घोळ होता तो मधल्यांचा. त्यात सौम्य त्रासदायक ठरलेले पदार्थ दुसऱ्या खेपेला बऱ्याचदा निर्दोष सुटायचे. शॅम्पू, साबण, क्रीम यांची सगळी वस्ती नेमकी या मधल्या पट्ट्यात. चाचणी जिथे सर्वांत जास्त लागायची, तिथेच ती डळमळायची.

आणखी एक गोष्ट मला कायम खटकते. पीपीडीचा मुख्य गुन्हा ॲलर्जीचा. ॲलर्जीसाठी शरीराची त्या पदार्थाशी आधी ओळख व्हावी लागते. पहिल्या भेटीत गप्प बसलेला देह पुढच्या एखाद्या भेटीत भडकतो. सशाच्या डोळ्यात थेंब टाकून दिसते ते पहिल्या भेटीचे. ॲलर्जीच्या चाचण्या वेगळ्या आणि प्राणीही वेगळे. डोळ्याच्या या चाचणीची गोष्ट सांगताना सुरुवात लॅश ल्यूअरपासून करायची रीत आहे, मीही इथे तेच केले. पण लॅश ल्यूअरला त्या थेंबाने पकडले असते का, याची मला दाट शंका आहे.

लोकांची सहनशक्ती मात्र वैज्ञानिक कारणाने संपली नाही, चित्राने संपली. 1980 च्या एप्रिलमध्ये प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणारे हेन्री स्पायरा यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन कंपनीला विचारले, की सौंदर्यापायी किती ससे आंधळे करता? कंपनीने पर्याय शोधायला साडेसात लाख डॉलर काढले, पाठोपाठ इतरांनीही पैसे दिले. युरोपने 2013 मध्ये प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची विक्रीच बंद केली. भारताने 2014 मध्ये आधी चाचणी आणि काही महिन्यांनी तशा मालाची आयात थांबवली. औषधे आणि कारखान्यांतली इतर रसायने यांचा हिशेब वेगळा, तो अजून चालू आहे.

आता सशाच्या जागी काय आले, ते बघण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेतून उरलेल्या माणसाच्या कातडीतल्या पेशी वाढवून नखाएवढी त्वचा तयार करतात. तिच्यावर पदार्थ ठेवायचा, धुवायचा, पावणेदोन दिवस तिला तशीच राहू द्यायची आणि मग पिवळे द्रावण घालायचे. पेशी जिवंत असतील तर पिवळ्याचे जांभळे होते. जांभळेपणा निम्म्यावर किंवा त्याखाली आला तर पदार्थ त्रासदायक. चाचणी नीट चालली आहे ना, हे पाहायला दर वेळी एका तुकड्यावर खात्रीचा त्रासदायक पदार्थ ठेवावा लागतो. तो कोणता? सोडियम लॉरिल सल्फेटचे 5 टक्क्यांचे द्रावण. आपल्या न्हाणीघरातल्या टूथपेस्टच्या आणि शॅम्पूच्या मागे हे नाव सापडते. डोळ्यासाठी कत्तलखान्यातून आलेल्या गुरांचे कॉर्निया घेतात आणि पदार्थ लावल्यावर त्यांतून किती प्रकाश अडतो, ते यंत्राने मोजतात. बघणाऱ्याचे जेवण झाले की नाही याच्याशी त्या यंत्राला काही देणेघेणे नाही.

पण या नव्या चाचण्या बरोबर आहेत हे ठरवले कसे? मुख्यतः सशांच्या जुन्या निकालांशी ताडून. तराजू खोटा म्हणून नवा आणला आणि त्याची पारख जुन्याच वजनांनी केली. सशाच्या पाठीवर लाली आणणारी काही रसायने माणसाच्या दंडावर चार तास ठेवली तरी फारसे काही घडले नाही, हे ठाऊक असूनही. दुसरी वजने हाताशी नव्हती, हा बचाव मला मान्य आहे. माणसांच्या डोळ्यात थेंब टाकून कुणी वही भरलेली नाही, आणि भरूही नये.

अर्थात काही गोष्टींना चाचणी लागतच नाही. सामू 2 किंवा त्याखाली, नाहीतर 11.5 किंवा त्यावर असेल तर कुठल्याही डोळ्यात घालून बघायचे कारण नाही, पदार्थ जाळणारा समजून चालायचे. तंबाखूबरोबरचा चुना 12 च्या घरात जातो. आम्लाने डोळ्यातली प्रथिने साकळून निदान थोडा बांध तरी पडतो, अल्कली आत आत शिरत जाते. पोराने खेळता खेळता चुन्याची ट्यूब दाबली आणि फवारा डोळ्यात उडाला, अशा केसेस डोळ्यांच्या डॉक्टरांना नव्या नाहीत. तेव्हा डॉक्टरकडे धावायच्या आधी नळाखाली डोळा धरून भरपूर पाणी घालत राहायचे, हे पानाच्या प्रत्येक टपरीवर लिहायला हवे.

परवा मी सलूनवाल्याकडून अर्धा चमचा कालवलेला रंग कागदावर मागून घरी आणला. साबणाने धुऊन उजव्या कानामागे लावला, वाळू दिला. बायको म्हणाली, "बघू, लाल झालंय का?" काळ्या डागाखाली लाल काय दिसणार! रात्री दिवा मालवून पडल्यावर तिथे चुणचुणू लागले. बोटाने चाचपले तर काही नाही. बोट काढले की पुन्हा चुणचुण. डाव्या कानामागे काहीच लावले नव्हते, लक्ष दिले तर तिथेही चुणचुणत होते. "झोंबतंय का?" अंधारातून प्रश्न आला. चौदा तास झाले होते आणि मला सांगता येईना.