एका अक्षराचे अंतर



बंगळूरच्या बेळ्ळंदूर येथील तळे हे त्या शहरातील सर्वांत मोठे तळे. परंतु सांडपाण्यामुळे त्यावर फेसाचे ढीग उठले, आणि २०१५ व २०१७ साली तर तेथे चक्क ज्वाळा भडकल्या. त्या काठाने जाताना उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील एक शब्द माझ्या मनात घोळतो.

तो इब्री शब्द म्हणजे 'मीन'. मराठी शास्त्रात त्यासाठी 'जात' हा शब्द रूढ झाला. त्या अध्यायात तो दहा वेळा येतो; वनस्पती, जलचर, पक्षी, पशू या सर्वांविषयी येतो. मनुष्याच्या निर्मितीप्रसंगी मात्र तो एकदाही येत नाही. 'जात' म्हटले की आपल्या मनात उच्चनीचतेच्या भिंती उभ्या राहतात. मूळ शब्दात तसे काही नाही. त्यात केवळ सृष्टीची विविधता आहे.

या विविधतेविषयी आज शास्त्रज्ञ काय सांगतात? प्रत्येक प्राण्याच्या पेशीत चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेला एक प्रदीर्घ लेख असतो. त्याला जीनोम म्हणतात. २०१३ साली वाघाचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा तो घरच्या मांजराशी सुमारे ९५.६ टक्के जुळतो असे आढळले. बंगळूरच्याच 'नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस' या संस्थेतील उमा रामकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली ओडिशातील सिमिलिपालच्या काळ्या वाघांचे कोडे उलगडले. एका जनुकातील केवळ एक अक्षर बदलल्याने त्या वाघांचे पट्टे रुंदावून एकमेकांत मिसळतात. त्याच जनुकातील बदलांनी मांजराच्या व चित्त्याच्या अंगावरील नक्षीही पालटते.

भाषांतर करताना एका अक्षराने अर्थ कसा पालटतो, हे मी जाणतो. म्हणून हे वाचून मी थक्क झालो.

काही श्रद्धावंतांना मात्र येथे भीती वाटते. २००५ साली चिंपांझीचा जीनोम मानवाच्या जीनोमशी ताडून पाहिला, तेव्हा जुळणाऱ्या भागांत अक्षरांचा फरक सुमारे सव्वा टक्काच निघाला. मग मनुष्याची थोरवी कोठे उरली? बंधूंनो आणि भगिनींनो, ही थोरवी शास्त्राने अक्षरांच्या संख्येवर कधी टेकवलीच नव्हती. 'नेफेश हय्या', म्हणजे 'जिवंत प्राणी', हे शब्द उत्पत्तीत पशूंसाठी येतात आणि दुसऱ्या अध्यायात आदामासाठीही तेच येतात. आपणही मातीचेच. वेगळेपण आहे ते देवाच्या प्रतिरूपात आणि त्याने सोपवलेल्या कारभारात. त्या कारभारासाठी वापरलेले इब्री क्रियापद ७२व्या स्तोत्रात, दीनदुबळ्यांचा कैवार घेणाऱ्या राजाच्या सत्तेसाठी आले आहे. सत्ता म्हणजे लूट नव्हे, राखण होय.

आणि या राखणीचा हिशेबही आता जीनोममध्ये वाचता येतो. सिमिलिपालमध्ये काळे वाघ इतके का? तेथील वाघांची संख्या थोडी, आणि इतर वाघांशी त्यांचा संबंध तुटलेला. आप्तांतच संतती होत गेल्याने ते दुर्मीळ अक्षर तेथे वाढत गेले. जे आपण अद्भुत म्हणून पाहतो, ते एका अर्थी एकाकीपणाचे लक्षण आहे. वाघांच्या वाटा जंगले तोडून कोणी बंद केल्या, हे सांगायला नको.

परंतु पश्चात्तापाला कृतीची जोड देता येते. २०२४ साली आपल्या ताडोबातून दोन वाघिणी सिमिलिपालला नेण्यात आल्या, त्या तेथील रक्तात नवी अक्षरे यावीत म्हणूनच. त्यांपैकी एक भटकत झारखंड व पश्चिम बंगालपर्यंत गेली आणि तिला परत आणावे लागले. तुटलेले जोडणे सोपे नसते.

वाचकहो, सृष्टीचा हा लेख वाचण्याची बुद्धी देवाने आपल्याला दिली. वाघ स्वतःचा जीनोम वाचू शकत नाही, तळे स्वतःची तक्रार सांगू शकत नाही. ज्याला वाचता येते, त्यालाच उत्तर द्यावे लागते. शेवटी धन्याने हिशेब मागितला, तर आपण काय सांगणार?