शीर कोणाच्या हातची?

बायपाससाठी मुंबईतल्या एका रुग्णालयात साताऱ्याकडच्या एक मावशी दाखल झाल्या होत्या. मधुमेह जुना, पाय सुजरे. हृदयाच्या एका धमनीला छातीतली धमनी जोडायची, उरलेल्या दोन धमन्यांना पायातली शीर. ती दुर्बिणीने काढावी, असं शिकाऊ डॉक्टरने आदल्या संध्याकाळी सरांना सुचवलं. गुडघ्याजवळ दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, की झालं. नाहीतर पाय लांबवर उघडायचा आणि मधुमेहात जखम चिघळली, तर महिनोन्महिने ड्रेसिंग.

"बरोबर आहे तुझं. पण काढणार कोण?"

"मी, सर."

"दुर्बिणीने किती काढल्यास आजवर?"

तो गप्प बसला. सरांनी त्याला खुर्ची दिली आणि ते सांगू लागले. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दुर्बिणीने शीर काढलेल्या 46.7 टक्के रुग्णांत दीड वर्षाच्या आत शीर निकामी झालेली आढळली. उघड्या पद्धतीत 38 टक्के. पुढे अमेरिकेतली 'रीग्रुप' चाचणी झाली, 1150 रुग्णांची. तिच्यात मृत्यू, हृदयविकाराचा झटका आणि पुन्हा करावे लागलेले उपचार मिळून दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले. पायाच्या जखमेचा संसर्ग मात्र दुर्बिणीने 1.4 टक्के, उघड्या पद्धतीने 3.1.

"पहिल्या अभ्यासात पद्धत चिठ्ठी टाकून ठरवली नव्हती, हे खरं. पण रीग्रुपमध्ये शंभराहून जास्त शिरा दुर्बिणीने काढलेल्यांनाच हात लावू दिला होता. मावशींना दुर्बीणच योग्य. शीर ताई काढतील."

ताई म्हणजे फिजिशियन असिस्टंट. डॉक्टर नव्हेत. त्याला ते लागलं.

थिएटरात पायाची बाजू धाकटी मानतात. मला हे कधीच पटलेलं नाही. छातीकडे टाके कितीही सुरेख पडोत, आतून दुखावलेली शीर बंद पडण्याचा धोका राहतोच.

सकाळी ताईंनी शीर न ओढता, फांद्यांपासून बेताचं अंतर राखून डाग देत, अलगद मोकळी केली. बाहेर आली तेव्हा ती आकसून सुतळीएवढी झाली होती. ती फुगवायला त्याने सिरिंजवर अंगठा दाबला. ताईंनी त्याचा अंगठा धरला.

"डॉक्टर, जोर नको. आतलं अस्तर सोलवटतं आणि मग तिथेच रक्ताची गुठळी धरते. गळतंय का बघायला एवढाच दाब पुरे." त्याच्याच अंगठ्यावरून त्यांनी तो दाब दाखवला. एका फांदीतून थेंब आला. ताईंनी ती बांधली आणि पुन्हा तेवढ्याच दाबाने तपासायला लावलं.

पाचव्या दिवशी मावशी वॉर्डात चालत होत्या. "डॉक्टर, पायाला एवढासाच टाका! तुम्हीच केलंत ना?"

"नाही मावशी, आमच्या ताईंनी. मी त्यांच्याकडे शिकतोय."

आणि तो ताईंना विचारायला गेला, उद्याची पहिली केस किती वाजता आहे.