एकट्या साक्षीदाराची जबाबदारी

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने आणि चित्रपटगृह जवळजवळ आहेत. एकेकाळचे प्रभात टॉकीज आता किबे लक्ष्मी या नावाने ओळखले जाते. कादंबरीवरचा चित्रपट पाहून माणसे बाहेर पडली की एक वाक्य हमखास कानी येते, 'पुस्तकाची सर नाही!' आम्हीही ते अनेकदा बोललो आहोत. पण ही तक्रार नेमकी कशाची असते? काही प्रसंग गळाले याची, की कुणाशी तरी बेइमानी झाली याची? पुस्तक ही अमानत मानली, तर अमानत जशीच्या तशी परत करायची असते. चित्रपटकाराला ते शक्यच नाही. तो तिचा तर्जुमा करतो. मग त्याने इमान राखायचे ते कशाशी?

उत्तर शोधायला पुण्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. 1933 मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली. तिने 1937 मध्ये ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून 'कुंकू' काढला. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मनाने स्वीकारत नाही, हा त्याचा गाभा. कादंबरीच्या नावातच नकार होता. चित्रपटाने त्या जागी सौभाग्याचे चिन्ह ठेवले आणि तोच नकार त्या चिन्हासमोर उभा केला. अक्षरओळख नसलेल्या असंख्य बायकांपर्यंत तो अशा रीतीने पोहोचला. नाव बदलले, पण प्रश्न बदलला नाही. याला बेइमानी कोण म्हणेल?

दुसरा दाखला अधिक अवघड आहे. प्रेमचंदांची शतरंजच्या खेळाडूंची कथा 1924 ची. अवध गिळंकृत होत असताना मिर्झा आणि मीर पटावरून उठत नाहीत. बादशहासाठी न उपसलेल्या तलवारी ते खेळातल्या भांडणापायी उपसतात आणि एकमेकांना ठार करतात. सत्यजित राय यांनी 1977 च्या चित्रपटात शेवटच बदलला. तिथे पिस्तुलाची गोळी सुटते, पण कुणी मरत नाही. दोघे पुन्हा डाव मांडतात, तोही इंग्रजी पद्धतीने. आम्हाला हा बदल आधी खटकला होता. नंतर जाणवले की मेलेला माणूस शरमेतून सुटतो. रायांनी त्या दोघांना सुटू दिले नाही आणि आपल्यालाही नाही. कथेत दूरवर असलेला वाजिद अली शहाही त्यांनी जवळ आणला. ऐयाशीचा नमुना म्हणून हिणवल्या गेलेल्या राजाला त्यांनी सल दिला, संगीत दिले, माणूसपण दिले. शेवट मोडूनही अमानत राखता येते, ती अशी.

मात्र हुबेहूब दिसणारी गोष्टही अमानत हरवू शकते. मिर्झा हादी रुसवा यांची 'उमराव जान अदा' ही कादंबरी 1899 ची. त्यातली उमराव वय झालेली बाई आहे. आपली कहाणी ती स्वतः रुसवांना सांगते. सांगता सांगता चिमटे काढते, माणसे पारखते, स्वतःच्या चुकांचाही हिशोब मांडते. मुझफ्फर अली यांचा 1981 चा चित्रपट देखणा आहे. शहरयार यांचे शब्द, खय्याम यांचे संगीत, आशा भोसले यांचा आवाज आणि रेखाचे डोळे कोण विसरेल? तरी पडद्यावर एक बदल नकळत घडला. बोलणारी बाई दिसणारी बाई झाली. प्रेक्षकाच्या मनात झुंबर, घुंगरू आणि गझल राहिली, तिचे मत राहिले नाही. पुढे किती चित्रपटांनी मुसलमान पात्राला शेरवानी, पान आणि कव्वाली एवढ्यावरच भागवले! एका सुंदर चित्रपटाचा हा दोष म्हणणे अन्यायाचे होईल. पण वाट कुठे घसरते, ते मात्र इथे दिसते.

आमच्यापुरता प्रश्न इथेच तीव्र होतो. आमच्यापैकी अनेकांच्या घरात दखनी बोलली जाते, शिक्षण मराठीतून झालेले असते आणि उर्दू लिपी वाचता येत नाही. रुसवा, इस्मत आपा आमचेच म्हणायचे, पण भेटले ते पडद्यावर. 'श्यामची आई'चे तसे नाही. साने गुरुजींचे पुस्तक 1935 चे, अत्र्यांचा चित्रपट 1953 चा. तुलना करायची तर पुस्तक मराठी घरात हाताशी असते. चित्रपटाने काही चुकवले तर वाचक लगेच दुरुस्त करतो. 'गरम हवा'चे काय? 1973 चा हा चित्रपट इस्मत चुगताई यांच्या अप्रकाशित कथेवरून निघाला. कैफी आझमींनी त्यात चामड्याच्या धंद्यातल्या कामगारांचा आपला अनुभव ओतला. तिथे ताडून पाहायला पुस्तकच नाही. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या सलीम मिर्झाची गवाही देणारा तोच एक. त्याने ती इमानाने दिली, हे आपले नशीब.

म्हणून आमचे मत असे. चित्रपटाचे इमान प्रसंग मोजून ठरवू नये. ज्याची गोष्ट आहे त्याला स्वतःचे म्हणणे मांडू दिले का, हे पाहावे. जिथे पुस्तक वाचले जात नाही, तिथे ही जबाबदारी वाढते, कारण तिथे चित्रपट हा एकटा साक्षीदार असतो. एकट्या साक्षीदाराची चूक पकडायला दुसरे कुणी नसते.

पण त्याला एकटे कुणी पाडले? दिग्दर्शकाला जाब विचारण्याआधी आम्ही आमचाही हिशोब द्यायला हवा. उर्दूतली किती पुस्तके आम्ही मराठीत आणली? आणलेली किती वाचली? आमच्या मोहल्ल्यांचे, आमच्या आयांचे किती आम्ही स्वतः लिहून ठेवले? जे लिहिलेच नाही, ते कुणी विकृत केले म्हणून रडायचे कसे?

अप्पा बळवंत चौकात चित्रपटगृहापासून पुस्तकाच्या दुकानापर्यंत फार चालावे लागत नाही. 'पुस्तकाची सर नाही' हे वाक्य तेवढे अंतर चालून गेलेल्यालाच शोभते.