घरासाठी सोडलेले घर

पोटापाण्यासाठी गाव सोडणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे दोन तोंडांनी बोलले जाते. त्याने गावात पक्के घर बांधले की आपण म्हणतो, 'पोराने नाव काढले.' तोच आईच्या आजारपणात वेळेवर येऊ शकला नाही की म्हणतो, 'पैशापुढे त्याला आईसुद्धा दिसली नाही.' माणूस एकच आणि गाव सोडण्याचे कारणही एकच. मग त्याचे बरोबर की चूक? घर चालवण्यासाठीच घर सोडावे लागते, तेव्हा त्या माणसाचे कर्तव्य नेमके कुठे पुरे होते?

हट्ट्यातील आपणा सर्वांना हा प्रश्न परका नाही. दसरा-दिवाळी आली की ऊसतोडीला निघणारी कुटुंबे आपण दरवर्षी पाहतो. पुणे, मुंबई, हैदराबादला कामाला गेलेली मुले आपल्या ओळखीची आहेत. पण आपल्याच घरातल्या माणसाचा न्याय करायला बसलो की राग किंवा माया आडवी येते. म्हणून आज आम्ही थोड्या दूरच्या लोकांचे उदाहरण घेत आहोत. त्यांच्याकडे पाहून आपल्याला आपला प्रश्न अधिक स्वच्छ दिसेल, असे वाटते.

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडील माण, खटाव हा भाग कमी पावसाचा. शेतीवर भागेना, म्हणून तिथल्या शेतकरी घरांतील माणसे कित्येक वर्षांपूर्वी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरली. त्यांना गलाईवाले म्हणतात. १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षांनी ही वाट आणखी रुळली. आज तमिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल अशा दूरदूरच्या राज्यांत, जिथे म्हणून सराफ बाजार आहे तिथे, मागच्या एखाद्या गल्लीत मराठी गलाईवाला भेटतो.

त्याचे दुकान म्हणजे एक लहानशी खोली. तिच्यात भट्टी, मूस, चिमटे आणि वजनकाटा. सराफ आणि सोनार जुने, मोडके दागिने घेऊन त्याच्याकडे येतात. तो त्या सोन्यात जास्तीची चांदी घालून ते वितळवतो आणि मग नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतो. चांदी आणि तांबे ॲसिडमध्ये विरघळते, सोने तळाशी राहते. ते धुऊन पुन्हा वितळवले की चोख सोने हाती येते. सोनाराच्या दुकानातील केरसुद्धा जाळून, गाळून त्यातले कण वेगळे काढले जातात. ॲसिड उकळताना तपकिरी धूर निघतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो. ज्याचे राहणेही दुकानाला लागूनच असेल, त्याच्या बायकामुलांच्या श्वासातही तो धूर जाऊ शकतो.

या धंद्यात 'घट' या शब्दाला फार मोल आहे. माल गाळला की वजन कमी भरते. ते किती कमी झाले आणि का झाले, याचा चोख हिशेब गिऱ्हाइकाला द्यावा लागतो. परक्या मुलखात, परकी भाषा बोलणारा माणूस आपले सोने याच्या हाती सोपवून निघून जातो. सारा धंदा त्या विश्वासावर उभा. म्हणूनच ज्याच्याजवळ दुसऱ्याचे सोने आहे, त्याला मनात आले की कुलूप लावून गावी निघता येत नाही. गावाकडून निरोप येतो, तेव्हा त्याच्या भट्टीवर कुणाच्या तरी लेकीच्या लग्नाचे सोने असते.

आता त्याचा संसार पाहू. मुलगा मिसरूड फुटायच्या वयात एखाद्या नातेवाइकाच्या दुकानावर काम शिकायला जातो. दिवसभर भट्टीपुढे बसतो, रात्री दुकानातच अंग टाकतो. काही वर्षांनी उसनेपासने करून स्वतःची भट्टी लावतो. लग्न होते. कोणी बायकोला गावी आईवडिलांपाशी ठेवतो, कोणी सोबत नेतो. सोबत नेले तर मुले तमिळ किंवा मल्याळी मुलांच्या शाळेत जातात, घरात मराठी बोलतात आणि सुट्टीत आजीकडे आली की चुलत भावंडे त्यांच्या बोलण्याला हसतात. इकडे गावी मोठे घर उभे राहते आणि त्यात दोन म्हातारी माणसे राहतात. जत्रेला, दिवाळीला गाव भरून वाहते. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा ओस पडते.

या माणसाला दोष देणे सोपे आहे. पण त्याची बाजू आधी नीट ऐकली पाहिजे. त्याने गाव हौसेने सोडलेले नसते. विहीर आटली होती, बहिणीचे लग्न ठरत नव्हते, सावकाराचे देणे डोक्यावर होते. उपाशी मुलाजवळ बसून त्याच्यावर माया करणे हे काही मोठे पुण्य नव्हे. मुलाच्या तोंडी घास पडावा म्हणून जो लांब जाऊन धुरात बसला, त्याची मायाच तिथे राबत असते. त्याने पाठवलेल्या पैशावर शिकून, जेवून, औषधपाणी करून पुन्हा त्यालाच 'पैशाच्या मागे लागला' म्हणणे हा कृतघ्नपणा आहे. तेव्हा गाव सोडणे हेच मुळात चूक, असे आम्ही म्हणणार नाही.

तरीसुद्धा प्रश्न संपत नाही. कारण घरात काही कामे अशी असतात की ती दुसऱ्याकडून करवून घेता येतात, आणि काही अशी की ती ज्याची त्यानेच करायची असतात. छप्पर, धान्य, शाळेची फी, दवाखान्याचे बिल हे पैशाने भागते. पण बाप कसा रागावतो आणि रागावल्यावर कसा जवळ घेतो, हे मुलाला मनीऑर्डरवरून कळत नाही. आज फोनवर रोज तोंड दिसते, ही चांगलीच गोष्ट झाली. पण फोनमधून हात पुढे करून कुणा म्हातारीला उठवून बसवता येत नाही.

हे केवळ मराठी माणसाच्याच नशिबी आले असेही नाही. इटलीतील राप्पालो या गावी १८१७ मध्ये जन्मलेला दोमेनिको गिरार्देल्ली हा मिठाईचे काम शिकलेला तरुण विसाव्या वर्षी देश सोडून दक्षिण अमेरिकेत गेला. पुढे पेरू देशातील लिमा शहरात त्याने दुकान थाटले. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले. दुसऱ्या वर्षी हाही तिकडे धावला. सोने शोधणे काही जमले नाही, तेव्हा स्टॉकटन येथे तो खाणकामगारांना वाणसामान विकू लागला. बायको कार्मेन आणि मुले मागे लिमालाच होती. १८५१ मध्ये लागलेल्या आगींत त्याची स्टॉकटन आणि सॅन फ्रान्सिस्को येथील दुकाने जळाली. तरी तो उठला. १८५२ मध्ये त्याने नव्याने मांडलेल्या धंद्यातून पुढे मोठा चॉकलेटचा कारखाना झाला. बायकामुले त्याच्याकडे आली, मुलगे धंद्यात शिरले. १८९४ मध्ये राप्पालोला गेला असता तिथेच त्याचा मृत्यू झाला. जन्मगाव सोडून तेव्हा सत्तावन्न वर्षे झाली होती. त्याच्या नावाचे चॉकलेट आजही विकले जाते. जगाने आठवण ठेवली ती दुकानाची. लिमात मुलांना सांभाळत वाट पाहणाऱ्या कार्मेनच्या त्या वर्षांची किंमत मात्र कुठल्या खातेवहीत लिहिली जाणार?

आमच्या मते खरा प्रश्न इथेच आहे. गलाईवाला दुसऱ्याच्या सोन्यातली गुंजभर घटही लिहून ठेवतो. मग आपल्या घरात जी घट होते, ती का मोजली जात नाही? निघताना जे कारण खरे होते, ते दहा वर्षांनी खरे उरले आहे का, हे कोणी विचारत नाही. आधी देणे फेडायचे होते, ते फिटले. मग बहिणीचे लग्न, तेही झाले. मग घर, मग घरावर मजला, मग शेजाऱ्याहून मोठा मजला. गरज कधी संपली आणि सवय कधी सुरू झाली, हे कळतही नाही. 'आधी कमावू, मग घरच्यांबरोबर राहू,' असे म्हणत म्हणत मूल मोठे होते आणि आई थकते. सोन्याची घट पुढच्या मालात भरून काढता येते. मुलाचे गेलेले बालपण कशाने भरून काढणार?

आणि ही सारी जबाबदारी एकट्या जाणाऱ्याची नाही, हेही आपण मान्य केले पाहिजे. त्याला लांब ठेवण्यात मागे राहिलेल्यांचाही हात असतो. आपण फोनवर त्याची तब्येत विचारतो आणि पुढच्याच वाक्यात पैशाचे बोलतो. गावात त्याला मान मिळतो तो त्याने बांधलेल्या घरामुळे, देणगीच्या पावतीमुळे. तो जर थोडके कमावून परत आला तर 'तिकडे जमले नाही वाटते' असे आपणच म्हणतो. मग त्याने यावे तरी कशाला?

म्हणून आम्हाला एवढेच सुचवायचे आहे. घरातून कोणी बाहेर निघणार असेल, तर आधी सगळ्यांनी एकत्र बसावे, घरातल्या बायकांना आणि शाळेत जाणाऱ्या मुलांनाही बसवावे. कशासाठी जायचे, किती मिळाले म्हणजे पुरे, आणि मागे म्हाताऱ्यांकडे कोण पाहणार, हे बोलून ठरवावे. वर्षातून एकदा पुन्हा बसावे आणि त्या वर्षात काय मिळाले याच्याबरोबर काय घटले तेही मांडावे. हिशेब करूनही जावेच लागेल, तर जावे. मोजून, जाणून केलेला त्याग आणि नकळत झालेली हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जे मागे राहतात, त्यांच्यासाठीही काम आहे. आपल्या धर्मग्रामात कोणत्या घरी या हंगामात केवळ म्हातारी माणसे उरली आहेत, कोणत्या मुलाची शाळा आईबाप फडावर गेल्यामुळे बुडते आहे, हे आपल्याला घरबसल्या माहीत असते. त्या घरी आठवड्यातून एकदा जाणे आपल्याला जमण्यासारखे आहे. आणि यापुढे गावात कोणाचे मोठे घर उभे राहिले, तर 'नाव काढले' म्हणण्यापूर्वी त्या घरात राहते कोण, एवढे जरूर विचारू या.