प्रत, मालकी आणि अमानत

नक्कल केल्याने मूळ वस्तू कमी होत नाही. मग नक्कल करणे ही चोरी कशी? आणि ती चोरी नसेल, तर ज्याने घाम गाळून ती वस्तू घडवली त्याचा हक्क कुठे राहिला? हा प्रश्न फक्त वकिलांचा नाही, इमानाचाही आहे.

14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' झळकला. भारताचा हा पहिला बोलपट. दिग्दर्शक अर्देशिर इराणी पारशी, नायक मास्टर विठ्ठल मराठी, नायिका जुबैदा, फकिराच्या भूमिकेत गाणारे वजीर मोहम्मद खान आणि भाषा उर्दू-हिंदुस्थानी. आपल्या सरमिसळ संस्कृतीचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता? पण तो पुरावा मुका झाला आहे. छायाचित्रे उरली, चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पडद्यावर उर्दू पहिल्यांदा कशी बोलली गेली, हे उर्दू शिकवणारे आम्ही मुलांना ऐकवू शकत नाही.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली उभे राहिले. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळे जमवली. तोवर बहुतेक मूकपट गेले होते. कितीतरी रिळे त्यांतल्या चांदीसाठी गाळली गेली होती. पुढे 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यातच लागलेल्या आगीत जुनी नायट्रेट रिळे भस्मसात झाली. जिथे एकच प्रत असते, तिथे नाश फक्त लांबणीवर पडलेला असतो.

आता कायदा पाहू. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालय स्वतःसाठी काढू शकते. ही सवलत पुस्तकाला, चित्रपटाला नाही. 2012 च्या दुरुस्तीने दोन दारे किलकिली झाली. स्वतःजवळची कलाकृती जतनासाठी संगणकीय स्वरूपात साठवण्याची मुभा ग्रंथालयांना मिळाली, आणि संशोधनासाठी 'उचित वापरा'ची सवलत चित्रपटालाही लागू झाली. पण संशोधकासाठी ग्रंथपालाने चित्रपटाची प्रत काढून द्यावी काय, यावर स्पष्ट शब्द नाही. शब्द नसला की भीती असते, आणि भीती असली की कपाटाला कुलूप असते.

मालकाचा हक्क आम्ही नाकारत नाही. हक्कुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, हा आपल्या दीनचा गाभा आहे. 1988 साली कुवेतच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखकाचे व संशोधकाचे हक्क शरीयतनुसार संरक्षित असल्याचे ठरवले. चोरून सीडी विकणाऱ्याला इल्मचे नाव घेता येणार नाही. तो दुसऱ्याची रोजी हिरावतो.

पण हक्काला मुदत का असते? चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे. त्यानंतर तो सर्वांचा. याचा अर्थ मालक कायमचा धनी नाही. शेवटी ती वस्तू समाजाला सोपवायची आहे. म्हणजे त्याच्या हाती मालमत्तेबरोबर अमानतही आहे. 'आलम आरा'चा हक्क सांभाळायला कायदा होता, चित्रपट सांभाळायला कोणी नव्हते. मुदत सरली तेव्हा समाजाला सोपवायला काही उरलेच नव्हते. अमानतीत खयानत याहून वेगळी काय असते?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. बाजारात मिणारा चित्रपट विकतच घ्यावा. जो मिळत नाही, त्याची प्रत नोंद करून, विक्रीस सक्त मनाई ठेवून, ग्रंथालयाने संशोधकाला द्यावी. यात मालकाचा एक पैसाही बुडत नाही, कारण तो ती विकतच नाही. नाहीतर संशोधन हे पुण्यात खोली घेऊन राहणे परवडणाऱ्यांचेच राहील. पिंपळगाव राजाच्या मुलीने काय करावे?

जुन्या कातिबांनी हाताने प्रती काढल्या, म्हणून मूळ पोथ्या जळूनही ग्रंथ वाचले. इल्म वाटल्याने घटत नाही. कुलपात मात्र ते हमखास मरते.