भ्रष्टाचाराचे प्रमाण

मराठीत 'प्रमाण' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एखादी गोष्ट किती आहे हे सांगतानाही प्रमाण, आणि ती आहे हे कशावरून, याचे उत्तर देतानाही प्रमाण. पहिला अर्थ रोजच्या व्यवहारातला आहे, दुसरा न्यायदर्शनातला. तेथे प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, आणि प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार साधने नैयायिक मानतात. विकसनशील देशांतील कारभार, भ्रष्टाचार आणि सामाजिक प्रगती मोजण्याचा जो मोठा व्याप गेल्या तीन दशकांत उभा राहिला, त्याने पहिल्या अर्थाच्या प्रश्नाला आकड्यांनी भरभरून उत्तर दिले. दुसऱ्या अर्थाचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा परिशिष्टात ढकलला गेला.

भ्रष्टाचाराच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष महागात पडते, कारण पाऊस किंवा पीक मोजणाऱ्यापासून लपत नाही, पण लाच देणारा आणि घेणारा हे दोघेही लपवण्यात भागीदार असतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोशाच्या अपहाराचे ४० प्रकार सांगितले आहेत; मोजले आहेत ते प्रकार, अपहार नेमका किती होतो हे ओळखणे दुष्कर असल्याचे तोच ग्रंथ मान्य करतो. आधुनिक निर्देशांक, म्हणजे अनेक माहितीस्रोतांची गोळाबेरीज करून काढलेला एकच तुलनात्मक आकडा, हे दुष्कर काम टाळून एक शेजारचे काम हाती घेतो. बर्लिन येथे १९९३ मध्ये स्थापन झालेली ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था १९९५ पासून जो निर्देशांक प्रसिद्ध करते, त्याच्या नावातच तो भ्रष्टाचाराचा नसून भ्रष्टाचाराविषयीच्या समजाचा आहे, असे प्रांजळपणे म्हटलेले आहे. देशोदेशीचे तज्ज्ञ आणि उद्योग-व्यवसायातील लोक यांची मते त्यात एकत्र केली जातात. न्यायाच्या परिभाषेत हे शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान. त्यात गैर काही नाही; माणसाचे बहुतेक ज्ञान असेच येते. अडचण पुढच्या पायरीवर सुरू होते, जेव्हा या बोलण्यावरून मूळ वस्तूचे अनुमान केले जाते.

डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे हे अनुमान न्यायाने ग्राह्य मानले आहे, कारण अग्नीवाचून धूर नसतो. उलटे अनुमान मात्र चालत नाही: जेथे अग्नी तेथे धूर असतोच असे नाही, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. अग्नीपासून धूर निघण्यास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. ज्या अटीकडे दुर्लक्ष केल्यामुळे अनुमान फसते, त्या या अटीला नैयायिकांनी 'उपाधी' असे नाव दिले. भ्रष्टाचाराची चर्चा हा धूर मानला, तर मोकळी वृत्तपत्रे, स्वतंत्र लेखापरीक्षण, न्यायालये आणि विरोधी पक्ष हे त्याचे ओले इंधन होय. ते जेथे नाही तेथील शांतता प्रामाणिकपणाची असू शकेल. पण केवळ शांततेवरून तसे सिद्ध होत नाही.

भारताचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्या वेळच्या दहापैकी गुणांच्या मोजपट्टीवर २००९ मध्ये भारताला ३.४ गुण होते, २०१० मध्ये ३.३ आणि २०११ मध्ये ३.१. मधल्या काळात नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा टू-जी स्पेक्ट्रमविषयीचा अहवाल संसदेपुढे आला, आणि मुंबईतील आदर्श सोसायटीच्या प्रकरणात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. दोन्ही गोष्टी नोव्हेंबर २०१० मधल्या. परंतु ते स्पेक्ट्रम परवाने जानेवारी २००८ मध्ये दिलेले होते आणि आदर्शची इमारतही काही त्या वर्षी उगवली नव्हती. जे घडले ते आधी घडले. गुण घसरले ते उघडकीस आल्यानंतर. पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, तर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने खटल्यातील सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. डोंगरावरच्या वाफेला धूर समजण्याची चूकही न्यायशास्त्राला ठाऊक होती. येथे वाफ किती आणि धूर किती, हे दोन न्यायालयांनंतरही एका वाक्यात सांगता येत नाही. इतकी गुंतागुंत एका दशांशात मावत असेल, तर तो दशांश काहीतरी गिळतो आहे असेच म्हणावे लागते.

प्रत्यक्षाच्या अधिक जवळ जाणारा एक मार्ग इंडोनेशियात चोखाळला गेला. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी जावा बेटावरील ६०८ गावांत ग्रामविकास कार्यक्रमातून बांधलेले रस्ते पूर्ण झाल्यावर अभियंत्यांकडून खोदून घेतले. रस्त्यावर कोठेही निवडलेल्या जागी ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोनी खड्डा घ्यायचा, त्यातील दगड, वाळू आणि खडी वेगवेगळी काढून मोजायची, आणि त्यावरून सबंध रस्त्यात किती माल पडला हे काढून कागदोपत्री दाखवलेल्या खर्चाशी ताडायचे, अशी ही रीत होती. बांधकामात काही माल अपरिहार्यपणे वाया जातोच, म्हणून तो किती हे कळण्यासाठी आधी कोणीही पैसे न खाता छोटे प्रायोगिक रस्ते बांधून पाहिले. (मराठीत 'टक्केवारी' या शब्दाला जो दुसरा अर्थ चिकटला आहे, त्याचे इतके काटेकोर गणित क्वचितच झाले असेल.) खर्चाचा साधारण चौथा हिस्सा गायब असल्याचे आढळले. शासकीय लेखापरीक्षण होणारच, असे ज्या गावांना आधी कळवले होते, तेथे ही तूट सुमारे आठ टक्के-बिंदूंनी कमी भरली.

याहून महत्त्वाची आहे ती गावकऱ्यांच्या मतांची गोष्ट. रस्त्यात पैसे खाल्ले गेले असतील का, हे त्यांनाही विचारले होते, आणि त्यांचा अंदाज खड्ड्यांतून निघालेल्या उत्तराशी जुळत होता, पण क्षीणपणे. मालाचा भाव चढा लावला की त्यांना संशय येत असे, कारण वाळूचा भाव सर्वांना माहीत असतो. वाळू कमी टाकून जास्त दाखवली तर ते बहुधा ओळखता येत नसे. बहुतेक अपहार या दुसऱ्या रीतीनेच झालेला होता. समज वास्तवाची अर्धवट नक्कल करतो एवढेच हे नव्हे. चोर समजाची मर्यादा ओळखून तिच्या पलीकडे जागा शोधतो.

सामाजिक प्रगतीच्या मोजमापात लपवाछपवी कमी असते, तेथे वाद भारांकाचा असतो, म्हणजे कोणत्या घटकाला किती वजन द्यायचे याचा. मानव विकास निर्देशांक १९९० मध्ये अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आला, तेव्हा त्यांचे मित्र अमर्त्य सेन यांनाही एवढ्या ढोबळ आकड्याविषयी शंका होती. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्याला टक्कर द्यायची तर तितकाच ढोबळ आकडा हवा, हा हक यांचा युक्तिवाद व्यवहारात खरा ठरला. पण आकडा प्रतिष्ठेचा झाला की त्याच्यावर दबाव येतो. जागतिक बँकेचा व्यवसायसुलभतेचा वार्षिक अहवाल २०१८ आणि २०२० च्या आवृत्त्यांतील आकडेवारीच्या अनियमिततेमुळे सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेलाच कायमचा बंद करावा लागला.

मग ऐकायचे कोणाचे? न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा अशा माणसाचे, लक्षण सांगितले आहे: त्याने वस्तू स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे, असेही तो आवर्जून नोंदवतो. पद, विद्या किंवा कुळ यांचा त्यात उल्लेख नाही. या कसोटीवर दूरच्या राजधानीतील तज्ज्ञ रस्त्यातील वाळूविषयी जितका अपुरा, तितकाच जावाचा गावकरीही अपुरा ठरतो. पण दाखल्यासाठी स्वतःच्या हाताने चिरीमिरी मोजणारी बाई त्या चिरीमिरीविषयी निःसंशय आप्त आहे. तिला विचारणारी पाहणी ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलनेच २००३ पासून वेगळी चालवली आहे. या पाहणीतील उत्तरे देशांच्या वार्षिक क्रमवारीत धरली जात नाहीत.