खोटें उत्तर आणि नकार

विचारणारास चुकीचें उत्तर देऊन वाटेस लावावें, कीं 'सांगतां येत नाहीं' म्हणून अडवावें, हा प्रश्न केवळ नीतिशास्त्राच्या ग्रंथांतला नव्हे. संगणकाच्या एका क्षुल्लक भासणाऱ्या दुरुस्तींत तो आम्हांस आढळला.

दूरच्या संगणकावरील फायली जणूं आपल्याच यंत्रावर आहेत असें भासविणारी 'एन्. एफ्. एस्.' ही व्यवस्था सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें १९८४ च्या सुमारास निर्माण केली. तींत प्रत्येक फायलीस एक आंकडा असतो. नांव बदलतें, एकाच फायलीस दोन नांवेंही असूं शकतात; म्हणून ओळख पटवावयाची ती आंकड्यावरून. आरंभीं हा आंकडा ३२ बिटांचा, म्हणजे सुमारें ४२९ कोटींपर्यंतचा होता. १९९५ सालच्या तिसऱ्या आवृत्तीनें तो ६४ बिटांचा केला. जुन्या प्रोग्रामांस मात्र एवढा आंकडा पेलेना. तेव्हां लिनक्समध्यें मागणी करणाऱ्या बाजूनें त्याची घडी घालावी, वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यांत मिसळून द्यावा, अशी युक्ति निघाली. काम चालूं लागलें.

परंतु घडी घातली कीं दोन निराळ्या फायलींचा आंकडा एकच होऊं शकतो. प्रती करून ठेवणारा प्रोग्राम, एकाहून अधिक नांवें असलेल्या फायलींच्या बाबतींत, आंकडा जुळला कीं 'हें पहिलीचेंच दुसरें नांव' असें समजून मजकूर उतरूनच घेत नाहीं. मूळ नष्ट झाल्यावर प्रत उघडावी, तों दुसरीच्या जागीं पहिली!

असें क्वचित् घडेल, आणि नकार दिल्यास रोजचीं कामें अडतील, हा युक्तिवाद आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. 'पत्ता अपुरा' म्हणून पत्र परत करणाऱ्या टपालवाल्यावर आपणही चिडतोंच. परंतु नकारानें ज्याचें नुकसान होतें त्यास तें तत्काळ कळतें. खोट्या उत्तरानें नागवला गेलेला मात्र कित्येक वर्षें निश्चिंत असतो. हा भेद आम्हांस निर्णायक वाटतो.

लिनक्सच्या कर्त्यांनीं पुढें घडी ऐच्छिक केली. आतां स्वभावतः पूर्ण आंकडा दिला जातो. ज्या प्रोग्रामास तो पेलत नाहीं त्यास तसें स्पष्ट कळविलें जातें. घडी हवीच असेल तर कळ आहे. ती व्यवस्थापकाच्या हातीं असते. फायली बहुधा दुसऱ्याच्या असतात, आणि कळ फिरविण्यापूर्वीं त्यास कोणी विचारावें अशी योजना त्या यंत्रांत नाहीं.